पायाळू

मी पायाळू.
डोक्याआधी पाय घालून जगात आले.
सुईण म्हणाली, जपा पोरीला, हिच्या टाचेत औषध आहे.

राणीसावरगावच्या आमच्या अंगणात
चूळ भरायच्या आत माणसं यायची,
कुणाची उसण, कुणाची लचक.
पोत्यावर पालथी पडायची,
आणि मी, सहा वर्षांची, परकर वर धरून
डाव्या पायाचा अंगठा पाठीवरून तीनदा फिरवायची.
लोक उठायचे. खरंच उठायचे.
मूठभर शेंगा, कधी चाराणे.
वीज चमकली की मात्र आई मला आत कोंडायची,
पायाळूवर पडते म्हणे.

आता एक्केचाळीस.
गंगाखेडला तहसीलसमोर, सेतू केंद्रात
उत्पन्नाचे, रहिवासाचे, हयातीचे दाखले टाइप करते.
खुर्चीचं एक चाक गेलंय, तिथं विटेचा तुकडा.
नऊ वर्षं मान डावीकडे,
कारण स्क्रीन डावीकडे,
कारण प्लग डावीकडे.

नांदेडच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली.
जुन्या जिन्यासारखे माझे मणके,
चौथी-पाचवी पायरी घासलेली.
"ऑपरेशनचं काही नाही. याच्यासंगं राहायला शिका."

शिकले.
उठायचं ते कुशीवर वळून,
आधी कोपर, मग पाय, मग मी.
घागर नाही, तांब्या-तांब्यानं माठ भरायचा.
मानेखाली टॉवेलची गुंडाळी,
कंबरेला तव्यावर भाजलेलं मीठ, फडक्यात.
सासूबाईंची निरगुडी, तिचा वास ऑफिसपर्यंत.
दर चाळीस मिनिटांनी मोबाईलमध्ये कोंबडा आरवतो,
मी उभी राहते, खांदे मागं घेते,
रांगेतला एक जण रोज विचारतो,
"म्याडम, कोंबडं पाळलं का?"

जपायचं ते चांगल्या दिवसाला.
चांगल्या दिवशीच मी पडदे धुतले होते
आणि मग आठ दिवस भिंत बघितली.

हात मोडला असता तर गळ्यात झोळी दिसली असती.
पट्टा लावला की बायका म्हणतात,
लई ताठ झाली बाई तुझी मान.
नवरा आधी विचारायचा, "आज कसंय?"
मग, "आज पण?"
आता विचारत नाही.
न सांगता सिलिंडर बदलतो.
आणि रात्री, सगळे झोपल्यावर,
स्वतःची टाच स्वतःच्या पाठीला लागते का,
तेही करून बघितलंय.

परवा प्रयागबाई दासरे आल्या हयातीच्या दाखल्याला.
अंगठा मशीनवर उमटेना.
पदराला पुसला, पुन्हा ठेवला,
मशीन म्हणे, जुळत नाही.
मग माझ्याकडंच निरखून:
"तू सावरगावच्या गोदूची पायाळू ना गं?
कंबर धरलीय बघ, दोन दिस झाले. लाव की जरा पाय."
मी म्हटलं, मावशी, माझीच पाठ दुखायलीय.
"पाठ दुखू दे. पाय तर चांगलाय ना?"

जेवणाच्या सुट्टीत शटर अर्धं ओढलं.
त्या बाकावर पालथ्या.
पाय उचलला तसा कंबरेतून पोटरीपर्यंत जाळ गेला,
टेबल घट्ट धरलं,
आणि लुगड्यावरून अंगठा फिरवला.
खाली मणके लागले, वाळक्या शेंगेतल्या दाण्यांसारखे.
चौथ्या-पाचव्यापाशी त्यांनी श्वास धरला.
मीही धरला.
औषध नसतं टाचेत, हे मला सातवीतच कळलं होतं.
तरी तिसऱ्यांदा फिरवताना घाई केली नाही.

"हलकं झालं," कण्हतच उठल्या.
खोटं असेल.
"तुझी कोण बघतं गं?" म्हणाल्या,
आणि उत्तराची वाट न बघता
खरबरीत तळवा माझ्या मानेवर, पट्ट्याच्या वर,
जिथं केस संपतात तिथं ठेवला.
काही दाबलं नाही, चोळलं नाही.
नुसता ठेवला.

सहाव्या खेपेला मशीननं अंगठा ओळखला.
अर्जदार हयात आहे, असं उठलं स्क्रीनवर.
तेवढ्यात कोंबडा आरवला.
आम्ही दोघी आधीच उभ्या होतो.