इतर जमा

नेरुळला झेरॉक्सच्या दुकानावर
दोन खुर्च्या, एक कपाट, एवढीच आमची संस्था.
शनिवारी चार ते सात.
कॅन्सर झालेल्या जनावरांचा निम्मा खर्च देतो आम्ही,
निम्माच,
आणि तोही खात्यात असला तर.

सुगंधा तांडेल दिवाळ्याहून आल्या.
टोपलीत मांजर, टोपलीवर टॉवेल,
टॉवेलवर त्यांचा हात.
मना लिवता येत नाय, म्हणाल्या, तूच भर.

नाव? मांदेली.
वय? जेटीवरचा दिवा पडला त्या साली आली.
मी लिहिलं, अंदाजे नऊ.
जात?
कोळी.
नाही, मांजरीची.
ती पन आमच्यातलीच.
'देशी' लिहायला गेले, हात थांबला.
'कोळी' लिहिलं.
उत्पन्न?
म्हावऱ्यावर हाय. श्रावणात तर इचारूच नको.

पुढचा रकाना माझ्या हट्टानं आलेला:
प्राण्याशी आपलं नातं.
लोक तिथे 'मुलगी' लिहितात, 'बाळ' लिहितात.
खारघरच्या एका वॉचमननं 'साक्षीदार' लिहिलं होतं,
कशाचा, ते विचारायचं धाडस झालं नाही.
सुगंधाबाई बराच वेळ टॉवेलकडे बघत राहिल्या.
लिव, म्हणाल्या, गिऱ्हाईक.
रोज येते, फुकट नेते,
वर भाव पन करते.

पोटाखाली चार गाठी. ऑपरेशन झालेलं,
त्यात एक बांगडी गेलेली;
हे मी विचारलं नाही,
मनगटावर जागा दिसत होती.
आता सहा इंजेक्शनं, चार-चार हजारांची.

बैठकीत लिमये बोलले तेच, जे दर वेळी बोलतात
आणि जे चूक नसतं:
माणसांना मिळत नाहीत हो पैसे, इथे मांजर.
मी गप्प.
माझा नवरा अकरा महिने आजारी होता.
तेव्हा मीही भरला होता असा एक अर्ज,
दवाखान्याच्या जिन्यात, उभ्यानं, भिंतीला कागद लावून,
आणि पेन उमटत नव्हतं.
त्याच्यामागे घरात एक कुत्री उरली,
त्याच्या चपलेवर झोपायची.
मी तिला सांभाळलं असं लोक म्हणतात.
असो.
खात्यात एकोणीस हजार होते, मार्च लांब होता.
बारा हजार मंजूर.
पहिली सही लिमयांचीच.

चौथ्या इंजेक्शननंतर डॉक्टर म्हणाल्या, थांबू या.
बरी झाली म्हणून नाही.

ऐन नवरात्रात सुगंधाबाई परत आल्या, टोपलीशिवाय.
माझी नजर कुठे गेली ते त्यांना कळलं.
घरी हाय. खिरकीत.
बांगड्याचं पानी तेवढं पिते.
आता तिचं ती ठरवल.
मग कमरेची पिशवी सोडून
टेबलावर ठेवलं रबर लावलेलं पुडकं.
दोन सुया उरल्या. आठ हजार दिलं दवाखान्यानं परत.
अर्धं तुमचं.

दवाखान्याच्या कोऱ्या नोटा धंद्यात गेल्या असणार.
या बाजारातल्या, दहाच्या, विसाच्या, दमट.
लिमये लसूणही खात नाहीत.
एकेक नोट सोडवत, बोटाला थुंकी न लावता,
मोजत बसले. दोनदा.
चार हजार.
पावती फाडायला घेतली आणि अडले:
देणगी म्हणावं, की परतावा?
वहीत असा रकानाच नव्हता,
सात वर्षांत कुणी परत दिलंच नव्हतं काही.
शेवटी 'इतर जमा'त घातलं
आणि पंख्याखाली नोटांवर पेपरवेट ठेवला.

जाता जाता त्यांनी विचारलं, आता कुनाची पाळी?
घणसोलीच्या एका मुलाचा ससा आहे, मी म्हणाले.
सशाला पन होते काय?
होतो.
दारात थांबल्या.
दोन्ही तळहात जवळ आणून माप घेतलं हवेत.
ससा तो केवढासा, म्हणाल्या,
आणि जिना उतरल्या,
बेलापूरची बस होती साडेसहाची.