दोन पाळ्यांची कॉट

उद्यमनगरात, मोल्डिंगच्या शेडमागं
दहा बाय आठची खोली आणि एकच लोखंडी कॉट,
स्टँडजवळच्या बंद पडलेल्या लॉजच्या लिलावातली,
दोघांनी दीड-दीडशे घालून घेतलेली.
रात्री मी झोपायचो, दिवसा बसगोंडा.
मी आजऱ्याचा, तो निपाणीकडचा.
सकाळी साडेसहाला दारात गाठ,
तो येताना, मी जाताना,
"चा ठेवलाय," एवढंच बोलणं.
बाकी एकमेकांची ओळख म्हणजे
गादीला पडलेला खड्डा.

पहिल्यांदा दंडावर आलं.
तीन फोड, एका रेषेत,
रेशनच्या रांगेत उभे राहिल्यासारखे.
डास असा शिस्तीत चावत नाही,
पण तेव्हा ते कळत नव्हतं.
गोदाक्का म्हणाली, पित्त असंल, आमसूल लाव.
कंपाउंडर म्हणाला, वाळूची ॲलर्जी.
फौंड्रीत वाळू सगळ्यांच्याच अंगाला,
खाजवत होतो मी एकटा.
मनात म्हटलं, हा बसगोंडा अंघोळ करत नसणार.
तोही माझ्याबद्दल हेच म्हणत होता,
आणि कानडीतून म्हणत होता, म्हणजे जास्तच.

मग चादरीवर ठिपके.
बॉलपेन झिरपावं तसे काळे,
ओलं बोट लावलं की तांबूस पसरणारे.
उशीच्या शिवणीत पापुद्रे,
कुणीतरी अंगातून काढून टाकलेले कपडे.
आणि वास,
मंडईत रात्री उरलेल्या कोथिंबिरीचा.
तीन वाजता मोबाईलची बॅटरी लावली,
गादीची कड उलटली.
जवस सांडलेलं.
उजेड पडताच जवसाला पाय फुटले.

एक चिरडला.
बोटावर रक्त. कुणाचं?
माझं म्हणावं तर दिवसभर तो झोपलेला,
त्याचं म्हणावं तर आत्ता मी.
सगळा सीमाप्रश्न
त्या एवढ्याशा पोटात मिटलेला.

भिंतीला पुसलं नाही.
दुसरा एक कागदाच्या पुडीत धरला,
साडेसहाला दारात उघडून दाखवला.
बसगोंडानं बघितलं.
मग काही न बोलता बाही वर केली.
तीन, एका रेषेत.

सोमवारी फौंड्री बंद.
पहिल्यांदाच दोघं एका वेळी जागे.
कॉट अंगणात ओढली, नटबोल्ट खोलले,
पाइपाच्या पोकळीत त्यांचं अख्खं गाव होतं.
बंबातलं उकळतं पाणी सांध्या-सांध्यात ओतलं,
चादरी उकळल्या, शिवणी ब्रशनं खरवडल्या.
बसगोंडा भिंतीच्या भेगा लिंपत गेला,
कॅलेंडरमागच्या, स्विचबोर्डाभोवतीच्या,
पांढरं सिमेंट बोटावर घेऊन,
साच्याची कड सावरावी इतक्या हळू.
कॉट भिंतीपासून वीतभर लांब,
चारी पाय चार वाट्यांत, वाट्यांत साबणाचं पाणी.
गोदाक्का सारखी म्हणत होती,
"हळू रं, शेजारी कळंल."
तेवढ्यात कुसावरनं मुजावर वहिनी वाकल्या,
"पानी उरलं तर आमच्याकडंबी द्या की."

पण अंडी उरतात.
दहा दिवसांनी परत बंब, मग परत.
कॅलेंडरवर त्यानं कानडीत काहीतरी लिहिलं,
मी खाली मराठीत: गादी.
गावाकडनं आलो की पिशवी उंबऱ्याबाहेर झाडतो आता.
जुन्या बाजारात एक खुर्ची स्वस्तात मिळत होती,
शिवणीत बॅटरी मारली आणि हात हलवत परत आलो.

परवा सकाळी बसगोंडानं हाक मारली.
चादरीवर एक.
तपकिरी, चपटं, गुळगुळीत.
आईनं दिलेल्या चटणीतलं न कुटलेलं जवस असावं,
मीच रात्री भाकरी खाल्ली होती तिथं बसून.
तरी दोघं गुडघ्यावर हात टेकून
बघत राहिलो,
चालतंय का.