शहाऐंशी-सत्याऐंशी

शारजाच्या पुस्तकमेळ्यात आम्हाला गाळा मिळाला
खांबामागे, प्रसाधनगृहाच्या बाणाखाली.
समोर कैरोचा प्रकाशक. त्याच्याकडे
बोलणारी पुस्तकं, झगमगणारा पडदा,
मुलांना फुकट फुगे.
माझ्याकडे सेहेचाळीस किलो मराठी,
त्यातल्या सोळा किलोंचा जादा आकार
विमानतळावरच भरलेला.

भाची पुण्याहून रोज रात्री आकडे मागते.
किती थांबले, किती जणांनी कोड स्कॅन केला.
मावशी, वाचक म्हणजे फनेल असतं,
वर रुंद, खाली निमुळतं.
नरसाळं म्हण की, मी म्हणाले,
आणि मला रॉकेलची रांग आठवली:
ओतताना जे सांडायचं
त्याचाच वास दिवसभर हाताला.

लोक येतात. मुखपृष्ठाचा फोटो काढतात.
"ऑनलाइन बघतो," म्हणतात,
मुलगी पाहून गेलेले "कळवतो" म्हणतात
त्याच सुरात.

शुक्रवारी नमाजानंतर ताजुद्दीन सरगुरोह आला.
हर्णैचा. इथे सनैयात, गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो.
थेट त्या तांडेलाच्या कादंबरीपाशी गेला,
घरातला डबा कुठल्या फळीवर आहे हे माहीत असल्यासारखा.
"बाई, खोटं नाय बोलणार. ही मोबाइलवर वाचली आम्ही.
खोलीत आठ जण. पाचांनी वाचली,
तिघांना मराठी येत नाय, त्यांना सांगितली."

दाखवली. माझीच अक्षरं, जरा तिरकी,
आणि प्रत्येक पानाच्या कडेला कोणाचा तरी अंगठा,
काळं पडलेलं नख.
इथे मला राग यायला हवा होता.
वर्षभर वकिलाला पत्रं लिहिली मी याच अंगठ्यासाठी.
पण बघत राहिले:
तीनशे चाळीस पानांना एकेक करून हात लावलेला
माझ्या माहितीतला हा एकटाच.
परीक्षण लिहिणाऱ्यांचं तर सोडाच.

"पण शहाऐंशी-सत्याऐंशी नाय त्यात.
पंच्याऐंशीवर तांडेलाचा एक पाय धक्क्यावर,
अठ्ठ्याऐंशीवर एकदम भर दर्यात.
मधी काय झालं? रमजानपासून भांडतोय.
झकरिया म्हणतो, बायको आली असेल धक्क्यावर.
मी म्हणतो, नसेल आली. म्हणून तर."

उभ्यानेच वाचली त्याने. ओठ हलत होते.
उलटायचं काही नव्हतं, समोरासमोरचीच दोन पानं.
संपल्यावर पुन्हा वरून सुरू केलं.

कोण बरोबर निघालं, मी विचारलं.
"कोणच नाय," म्हणाला, आणि नाक पुसलं.
एसी फार होता हॉलमध्ये.

"घेतलं असतं बाई. पण बंक वरचा आहे,
उशाशी चार्जर तेवढा मावतो.
ह्या दोन पानांचे किती?"

तीस दिरहमला तीनशे चाळीस पानं.
मी खरंच कॅल्क्युलेटर काढला.
अठरा फिल्स, जवळजवळ.
त्याने पंचवीसचं नाणं ठेवलं, हरणाचं.
सात परत द्यायला माझ्याकडे सुट्टे नव्हते.
एवढी बारीक नाणी इथे कोणाच्याच खिशात नसतात.

मग त्याने फोन बाहेर काढला
आणि थांबला, माझ्याकडे बघत.
बांधणी आम्ही घट्ट करतो, त्याचा मला अभिमान आहे:
पुस्तक सारखं मिटत होतं.
मी ते उघडं धरलं.

रात्री भाचीचा फोन. आज किती?
अठरा फिल्स, म्हटलं, आणि सात देणं.
ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली,
हे कुठल्या रकान्यात टाकू?

मला ठाऊक नाही.
फोटोत माझी बांगडी आली आहे कोपऱ्यात,
ती कापायला सांगायचं राहिलं.