तीन घरं सोडून

करंट गेला, तसे खासबागेतले चारी माग एकदम थांबले.
वीस वर्षं खटखटीत राहिलेल्या माणसाला
अशा वेळी कानांचं काय करावं कळत नाही.
सुलक्षणा जमिनीवर, कांड्यांच्या टोपलीला टेकून,
पुढ्यात माझी काठाची नक्षी.
"काय मोजूलालीस ग?"
"लाट."

निळ्या चौकटींचा कागद, कोपऱ्याला तेलाचा अंगठा, माझाच.
एकेक घर तांबड्या शाईनं भरलेलं.
पहिली तीन घरं कोरी,
ही आमच्या सासऱ्यांची रीत. का, ते त्यांनी सांगितलं नाही
आणि मीही विचारलं नाही.

"सगळ्यात वर एकोणीस. सगळ्यात खाली पाच.
चोवीसचे निम्मे बारा."
तिनं पट्टी ठेवून बारावर रेघ ओढली.
ती रेघ मी कधीच काढली नव्हती.
तरी माझी लाट इतकी वर्षं तिच्याभोवतीच फिरत होती,
दाव्याला बांधलेल्या वासरासारखी.
पलीकडच्या मागावरून रुद्राप्पा आला, वाकला,
"हन्नेरडु," म्हणाला.
"बारा," मी म्हणालो.
दोघांची बोटं एकाच घरावर.

"बारापासून सात वर, सात खाली. झाला आयाम.
हा शेंडा नवव्या घरात, पुढचा तेहतिसाव्या.
चोवीस घरांत एक फेरा.
एक फेरा म्हणजे दोन पाय."
रुद्राप्पा हसला. "दोन पाय तर मलाबी हैत."
मी मात्र हसलो नाही.
हातमागाच्या खड्ड्यात बसून
एकदा डावी पावडी, एकदा उजवी,
दोन पायांनीच तर फेरा पुरा व्हायचा आमचा.
हे पुस्तकात कधी गेलं?

"आणि लाट बारावरून चढायला लागते
तीन घरं सोडून."
कोरी जागासुद्धा तिनं हिशोबात घेतली.
कंसात एक्स, वजा तीन.
मग सगळं एका ओळीत:
बारा, अधिक सात साइन, पाय भागिले बारा, तो कंस.

"पण हुक्केरी सर कॉस लिहितात.
शेंड्यापासून धरलं तर नऊ घरं सोडायची.
लाट तीच."
"मग बरोबर कुठलं?"
"दोन्ही."
स्टँडावर दोन गाड्या लागतात,
दोघींच्या पाट्यांवर आमच्या गावाचं नाव वेगळं,
कंडक्टरही वेगळ्या भाषेत ओरडतात.
उतरलं की तोच चहावाला.
हे मी बोललो नाही. तिला पेपर लिहायचा होता.

मग ती एकेक घर ताडून बघू लागली,
मेणबत्तीच्या उजेडात, ओठ हलवत.
सातव्यात अठरा, नवव्यात एकोणीस. जमलं.
पाचव्यात अडली.
"इथं साडेपंधरा यायला पाहिजे, बाबा.
तुम्ही पंधरा भरलंय. आणि उतरताना, तेराव्यात, सोळा.
एक तरी चूक."

"धागा अर्धा होत नाही, पोरी."

ती बराच वेळ त्या दोन घरांकडे बघत राहिली.
चढताना हात आखडता घेतला होता,
उतरताना जरा सैल सोडला होता.
कोणत्या दुपारी, कशामुळे, आता आठवत नाही.
तेवढ्या दोन घरांपुरतं तिचं समीकरण
माझ्या काठावर बसत नव्हतं
आणि खरं सांगायचं तर मला त्याचं बरं वाटलं.

करंट आला. पुढचं बोलणं कुणालाच ऐकू आलं नाही.

सोमवारी नक्षी पत्ते पाडायला दिली.
कोपऱ्यात तिची पेन्सिलची ओळ तशीच राहिलेली.
पत्तेवाला ईरण्णा चष्मा कपाळावर नेऊन म्हणाला,
"हे काय? दुसरी नक्षी?"
"तीच आहे. घडी घातलेली."
त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला.
"घडीचे पैसे वेगळे पडतील," म्हणाला.