कुंडई, दुसरी पाळी

शिडी आहे, पण चढायची नाही.
डाव्या कडेने वीज येते,
प्रत्येक पायरी उजवीकडे वाचत जायचं.
पापणी लवेपर्यंत यंत्र ती
वीस-पंचवीसदा वाचून मोकळं होतं.
एवढं सांगून फेलिझार्द सर चहाला गेले.

मी पहिली पायरी लिहिली:
हिरवं बटण, पुढे पंप.
दाबलं. पंप फिरला.
बोट उचललं, थांबला.
चार वेळा तसंच. बोटावर बटणाचा वळ.

परत येऊन ते हसले नाहीत.
म्हणाले, पंपाचीच एक खूण घे,
बटणाच्या खाली, समांतर लाव.
चालू आहे म्हणून चालू राहील.
आणि लाल बटणाची तार कायम जोडलेली ठेव;
उंदराने कुरतडली तर
पंप बंदच पडला पाहिजे.

दुर्भाटला, रात्री जेवताना, बाबांना सांगितलं.
ते खाजनाच्या मानशीवर असतात.
भरती आली की लाकडी दार आपसूक मिटतं,
ओहोटीला शेतातलं पाणी त्याला ढकलून निघून जातं.
ना बटण, ना शिडी.
मी म्हटलं, बाबा, हासुद्धा कंट्रोलरच की.

त्यांनी काटा ताटाच्या कडेला ठेवला.
"आणि फटीत ओंडका अडकला तर?
खारं पाणी थेट भातात."

मग?

"मग मी."

उद्या अमावास्या.
खुंटीवरच्या टॉर्चमध्ये
सेल नवे होते.