कळ

पिंजरा सव्वीस. वजन तीनशे बारा ग्रॅम.
लिहितो, आणि पेन परत खिशाला.
उंदरांची रात्र आम्ही दिवसाच करतो :
लाल दिवा, बंद दार,
बाहेर पाषाणचं ऊन.

दहा दिवस त्याने कळ दाबली की मिळायचं.
वर पिवळा दिवा, आणि नळीतून थेट रक्तात
एक थेंब. काय असतं त्यात, मला विचारू नका,
कपाटाची किल्ली ऐनापुरे मॅडमकडे.

मग नळी काढली.
महिनाभर साधं खाणं, मक्याचा भुसा.
अंगाने भरला. माझ्या मनगटाला
शेपूट गुंडाळून बसायचा.
मी म्हणालो, मॅडम, सुटलं ह्याचं.
त्या म्हणाल्या, गोरख, थांब.

नळी काढल्याच्या दुसऱ्या दिवशी
रिकामी कळ दाबली होती अठरा वेळा.
आज तिसावा दिवस. पेटीत ठेवला,
दिवा लागला फक्त. नळी नाही, थेंब नाही.
एकशे चार.
मोजायला मशीन आहे,
तरी मी मोजले.

सुंभ जळतो पीळ जळत नाही, हे ऐकलेलं,
पण ते माणसांबद्दल असतं असं वाटायचं.
आणि इथे तर पीळ वाढलाय.
अढीत घातलेल्या आंब्यासारखी
पेंढ्याखाली, अंधारात,
कुणी हात न लावता पिकलीय
हाव.

मला तंबाखू सोडून आठ महिने झाले.
गालाच्या आतला पांढरा चट्टा
ससूनमध्ये आरशात दाखवला होता.
तेव्हापासून एक स्टॉप आधी उतरतो,
मागच्या गल्लीने येतो.
घरी सुनंदा पाहुण्यांना सांगते,
सुटलं ह्यांचं.

काल रस्ता खोदलेला, बस वळवली,
थांबली ती नेमकी टपरीसमोर.
कुणीतरी तळहातावर अंगठा घासत होतं.
मग तो फटका, दोन बोटांचा,
चुन्याची भुकटी उडवणारा.
तोंडात पाणी आलं. हात खिशाशी गेला.
खिशात पेन.
त्याचं टोक दाबलं. टक.
परत. टक. टक.
किती वेळा, ते लिहून घ्यायला
कुणी नव्हतं.

मॅडमच्या वहीत कळ म्हणजे दांडी.
आई म्हणायची, कळ येते ती,
पोटात, दाढेत,
आणि ती काढायची असते
दात दाबून.

उद्या सव्वीसचा मेंदू काढतील.
पापडाहून पातळ चकत्या करतात,
त्यात म्हणे हिरवे ठिपके उजळतात,
नेमक्या कुठल्या पेशी जाग्या होत्या ते कळतं.
बघायला बोलावतात. मी जात नाही.

संध्याकाळी त्याचं पाणी बदललं.
जाळीशी आला, शर्ट हुंगला,
खिशापाशी जरा जास्तच रेंगाळला.
म्हटलं, बाबा,
थोडी कळ काढ.

वहीत लिहिलं : पाणी दिलं.
खाली सही.