तूट

झांबोआंगाच्या धक्क्यामागे, खोबऱ्याच्या गोदामात
माझं टेबल होतं.
पाय तीन, चौथ्याच्या जागी बिस्किटांचा डबा.
त्यावर लाल पुठ्ठ्याची वही आणि मी,
रेस्तितुता, वय एकोणीस,
अक्षर बरं म्हणून नेमलेली.

अपोलिनार भरती बघून होडी आणायचा
कांदळवनातून.
वेताचे पिंजरे, पिकल्या केळ्यांचा वास
आणि त्याच्याखाली दुसरा एक वास,
साबणाने न जाणारा.
"मोज," म्हणायचा, आणि बिडी पेटवायचा.
चार उभ्या रेघा, एक आडवी.
चार उभ्या, एक आडवी.
पिंजऱ्यातून हात बाहेर यायचे, काळी नखं,
तळवे माझ्या आईच्या तळव्यांसारखे सुरकुतलेले.
मी हात मोजायचे नाही. डोकी मोजायचे.

मिस्टर लोव्हेलने एकदा समजावलं होतं,
स्वतःच्याच कमरेमागे बोट टेकवून:
इथलं. घेवड्याच्या दाण्यासारखं, जोडीने असतं.
ते बारीक चिरायचं, बाटलीत वाढवायचं,
त्यावर रोग वाढवायचा,
मग रोग मारायचा,
आणि मेलेला रोग मुलांना टोचायचा.
मला वाटलं, माझं इंग्रजी कच्चं आहे.

वहीत रकाने तीन:
चढवले. उतरले. तूट.
तूट म्हणजे जी वाटेत गेली.
खोबऱ्यालाही तूट असते, वाळून वजन उतरतं,
तोच छापील रकाना वापरला होता.

एका मादीच्या पोटाला पिल्लू होतं.
नग एक धरायचा की दोन?
तार मनिलाला गेली, मनिलाहून समुद्रापार.
चार दिवस ते माझं बोट चोखत होतं,
करंगळीशेजारचं,
डब्यातल्या दुधात बुडवलेलं.
पाचव्या दिवशी उत्तर आलं:
आई धरा, पिल्लू धरू नका.
म्हणून ते चढवल्यात नाही.
म्हणून ते तुटीतही नाही.

त्याच उन्हाळ्यात सुताराच्या क्रिसान्तोला ताप आला.
ताप उतरला, डावा पाय परत आला नाही.
बापाने नारळाच्या लाकडाची कुबडी केली,
दर पावसाळ्यानंतर तिला खालून एक तुकडा जोडायचा.
क्रिसान्तो गोदामात येऊन बसायचा,
पपईच्या साली गजांतून आत सारायचा.
"ही कुठं जातात?"
"अमेरिकेला."
"कशाला?"
मी कमरेमागे बोट टेकवलं. मग सांगितलं,
तुझ्यासारख्यांसाठी.
एका दुपारी बघते तर
रिकाम्या पिंजऱ्यात शिरून बसला होता,
कुबडी बाहेर, दार आतून ओढलेलं.
"मला लिही."
गंमत म्हणून मी रेघ मारली.
पिंजऱ्यात बसून तो माझ्या पेन्सिलीकडे बघत होता,
हसत नव्हता.

ती रेघ मी रात्री खोडली.
कागद तिथे पातळ झाला.
त्या खेपेचा हिशेब एकाने चुकला,
आणि पगारातून सहा पेसो गेले.

औषध आमच्या गल्लीत यायला किती वर्षं लागली
ते लिहायला वहीत रकाना नव्हता.
अपोलिनार तोवर दारूने गेला.
गोदामात बर्फाचा कारखाना आला.
क्रिसान्तो रेडिओ दुरुस्त करायचा,
गिऱ्हाइकाला उठून उभं राहून नमस्कार करायचा, मुद्दाम.
आम्ही त्या दुपारबद्दल कधी बोललो नाही.

परवा शाळेच्या व्हरांड्यात नातीला घेऊन रांगेत उभी होते.
नर्स कोवळी, टेबल डुगडुगतं.
दोन थेंब, तोंड वाकडं, पुढचं मूल.
चार उभ्या, एक आडवी.
मी तिच्या पेन्सिलीवरून नजर काढू शकले नाही.

पुढे एक बाई होती, समुद्रावरच्या वस्तीतली,
मोठ्या मुलीचं नाव यादीत होतं,
झोळीतलं पोटाशी बांधलेलं नव्हतं.
नर्सने यादी चाळली, पुन्हा चाळली,
मग कुणाला विचारावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं.
"हे धरायचं का?"

धर, मी म्हणाले.
रांगेतली माणसं वळून बघायला लागली,
इतक्या मोठ्याने.